१२८ की २५६? आधी जुना फोन काउंटरवर ठेवा

कराडला एसटी स्टँडच्या जवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. दिवसातून चार-पाच वेळा तरी एक वाक्य ठरलेलं: "दादा, मेमरी फुल झालीय, नवीन फोन दाखवा." मी शोकेसकडे वळायच्या आधी हात पुढे करतो. "आधी जुना दाखवा." निम्म्या गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. डॉक्टरला जीभ दाखवावी तसं तोंड वाकडं करून फोन देतात. पण किती जीबीचा फोन घ्यायचा याचं उत्तर माझ्या शोकेसमध्ये नसतं, ते त्या जुन्या फोनात असतं. हे मी आता इतक्या जणांना तोंडी सांगितलंय की एकदा लिहूनच काढतो.

आधी माझी स्वतःची फजिती. २०२० मध्ये घरच्यांसाठी फोन घेतला. दुकान आपलं, भाव आपल्याला माहीत, तरी दीड हजार वाचवायला १२८ सोडून ६४ जीबीचा उचलला. वर्षभरानं मुलीचं बारसं होतं. पाळणा सुरू होता, मी शूटिंग करत होतो. माझ्या बहिणीनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" म्हणाली, आणि स्क्रीनवर पट्टी आली: स्टोरेज फुल. रेकॉर्डिंग बंद. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे. बायकांची गडबड आहे, पाळणा आहे, "कुर्रर्र" आहे. नाव नाही. बहीण अजून लग्नाकार्यात हा विषय काढते.

तर आता कामाचं.

खोक्यावरचा आकडा आणि हातातला आकडा

खोक्यावर १२८ लिहिलंय म्हणजे तुमच्या हाती १२८ पडत नाहीत. कंपनी हजारच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. त्या हिशेबात १२८ चे ११९ होतात. काही फोन सरळ ११९ दाखवतात, काही १२८ दाखवून फरक ‘सिस्टिम’च्या खात्यात टाकतात. त्यात खुद्द अँड्रॉइड आणि कंपनीनं आधीच भरलेली ॲप्स मिळून १५ ते २५ जीबी खातात. तेवढं पहिल्या दिवशीच गेलं.

शिवाय दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी लागते. हे लोकांना पटत नाही. "पैसे दिलेत तर पूर्ण का वापरू नये?" फोनमधल्या चिपला लिहिलेल्या जागेवर थेट नवीन लिहिता येत नाही. आधी तो भाग पुसावा लागतो, आणि पुसायच्या आधी त्यातलं कामाचं उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. ओटा भांड्यांनी भरला असेल तर भाजी चिरायलाही आधी चार भांडी हलवावी लागतात, तसं. म्हणून भरलेला फोन नुसता भरलेला नसतो, तो अडखळतोही. कॅमेरा उघडायला वेळ लागतो, अपडेट उतरत नाही, व्हॉट्सॲपचा बॅकअप अर्ध्यात थांबतो. अशा फोनाला लोक "म्हातारा झाला" म्हणतात. बऱ्याचदा तो नुसता भरलेला असतो.

हे सगळं वजा केलं की माझा ढोबळ हिशेब असा: ६४ च्या फोनात तुमच्या वाट्याला ३५ ते ४० जीबी, १२८ मध्ये ८५ ते ९०, आणि २५६ मध्ये १९० च्या आसपास. खोक्यावरचा आकडा दुप्पट झाला की तुमचा वाटा दुपटीपेक्षा थोडा जास्तच वाढतो, कारण सिस्टिमचा घास तेवढाच राहतो.

गुरुजींचा फोन

मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. चार वर्षांपूर्वीचा ६४ चा फोन, दोन जीबी शिल्लक. "मुलगा म्हणाला, आता २५६ च्या खाली बघूच नका." मी म्हटलं, "गुरुजी, बसा. चहा सांगतो."

सेटिंग्ज उघडल्या, वरच्या शोधायच्या चौकटीत ‘स्टोरेज’ टाकलं. प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्या खणात ठेवलेलं असतं, म्हणून शोधणं सोपं. कागदावर आकडे लिहिले: सिस्टिम १५, ॲप्स ९, स्वतः काढलेले फोटो-व्हिडिओ ६, कचरापेटी ३, आणि व्हॉट्सॲप २९. गुरुजींनी चष्मा वर केला. "एकोणतीस? मी तर काही पाठवतही नाही."

पाठवत नव्हते, पण येत होतं. अकरा ग्रुप. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ आणि त्यात स्टोरेज मॅनेज करायचा पर्याय असतो. तिथं पाच एमबीहून मोठ्या फायली एका खणात, खूप वेळा फॉरवर्ड झालेल्या दुसऱ्या खणात, आणि खाली कुठल्या ग्रुपनं किती जागा खाल्ली याची उतरती यादी मिळते. गुरुजींच्या यादीत पहिला नंबर गावच्या ग्रुपचा होता. वारीतल्या रिंगणाचा एकच व्हिडिओ, कुणी पुढचं कापून, कुणी वर आपलं नाव टाकून, नऊ वेळा आलेला. शुभ सकाळचे सूर्य तर मोजलेच नाहीत. पण एक गोष्ट मी त्यांना करू दिली नाही: सगळं निवडून एकदम उडवणं. त्याच ढिगात त्यांच्या पेन्शनच्या कागदाचा फोटो होता आणि वारलेल्या भावाचा एक आवाजी मेसेज होता. ते दोन्ही आधी बाजूला काढले. मग ग्रुपमागून ग्रुप.

चहा संपून दुसरा आला तोवर २० जीबी मोकळे झाले होते. नंतर कचरापेटी. गॅलरीतून उडवलेला फोटो लगेच जात नाही, साधारण महिनाभर पेटीत पडून राहतो आणि जागाही अडवतो. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस. लोक फोटो उडवतात, जागा वाढली का बघतात, वाढलेली नसते, आणि फोनला शिव्या देतात. पेटी रिकामी करायची राहिलेली असते.

शेवटी व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद केलं, मोबाईल डेटावर आणि वायफायवर, दोन्हीकडे. आता जे बघायचंय तेवढ्यावरच बोट ठेवायचं. गुरुजींनी चार वर्षांत स्वतः काढलेलं सहा जीबी भरत होतं, म्हणजे वर्षाला दीड. त्यांना नवीन फोन लागतच नव्हता. त्या दिवशी माझी विक्री झाली टेंपर्ड ग्लासची. असो. पुढं त्यांनी सूनबाईला फोन घ्यायला माझ्याकडेच पाठवलं.

तुमचा हिशेब

आता उलटं उदाहरण. मलकापूरहून एक जोडपं आलं, पदरात चार वर्षांची मुलगी. फोन १२८ चा, तीन वर्षं वापरलेला, ११२ भरलेले. यात सिस्टिम २०, ॲप्स २२. राहिले ७०, ते फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप. साफसफाई त्यांनी आधीच केली होती, वहिनी टापटीप होत्या. ७० भागिले तीन, म्हणजे वर्षाला २३ जीबी नवीन भर.

नवीन फोन किती वर्षं वापरणार? "चार तरी." मग चार गुणिले २३, म्हणजे ९२. जुने ७० सोबत न्यायचेत. झाले १६२. त्यात नव्या फोनची सिस्टिम आणि ॲप्स मिळून ५० धरा. २१२. वर मोकळी जागा ठेवायची. त्यांचा आकडा २५६, त्यात वादच नाही. १२८ घेतला असता तर जुने ७० टाकताक्षणी फोन जवळजवळ भरला असता, आणि वर्षाच्या आत ते पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले असते.

सूत्र एवढंच आहे: वर्षाची भर गुणिले वर्षं, अधिक सोबत न्यायचा जुना माल, अधिक पन्नास, आणि त्यावर थोडी मोकळी जागा. पण आधी गुरुजींसारखी सफाई करा, मग आकडे लिहा. कचऱ्यासकट मोजलंत तर कचऱ्यासाठी फोन घ्याल.

लहान मूल असलेल्या घरात हा आकडा इतका का फुगतो याचं कारण व्हिडिओ. फोटोचं कुणी उगाच टेन्शन घेतं. साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन-चार एमबीचा, हजार फोटो काढले तरी चार जीबी. (कॅमेऱ्यात ५० मेगापिक्सेलचा मोड चालू ठेवला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं एकेक फोटो दहा-पंधरा एमबीचा होतो. मोबाईलवरच बघणार असाल तर तो बंद करा.) व्हिडिओ मात्र खातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत साधा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जातो. आठवड्याला फक्त साडेतीन मिनिटं लेकराचं शूटिंग केलंत तरी वर्षाला जवळपास २३ जीबी. आयफोन तर आपल्या सेटिंगमध्येच सांगतो: नव्या फॉरमॅटमध्ये फुल एचडीला मिनिटाला ६० एमबी, त्याहून बारीक चित्राच्या ४के ला सेकंदाला ३० फ्रेम असतील तर १७०, ६० फ्रेम असतील तर ४००. म्हणजे भावाच्या लग्नात ४के ६० वर तासभर शूट केलं की २४ जीबी गेले. अँड्रॉइडमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ किंवा ‘एचईव्हीसी’ असं काही दिसलं तर चालू करा. व्हिडिओ तोच, जागा बरीच कमी.

बाकीच्यांसाठी भराभर सांगतो. फोन, व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब एवढंच असेल तर १२८ रग्गड. गेम खेळणारा पोरगा असेल तर बीजीएमआयसारखी एक गेम नकाशांसकट चार-पाच जीबी सहज घेते आणि पोरं एका गेमवर थांबत नाहीत: २५६. ढोल पथकाचे, यात्रेचे रील काढून एडिट करणारे: २५६ कमीत कमी, ४के असेल तर ५१२, कारण एडिट करताना कच्चा माल, मधल्या फायली आणि तयार रील असं तिन्ही एकदम फोनात असतं. कुंभार्ली घाटातून चिपळूणला गाड्या नेणारे आमचे ड्रायव्हर लोक घाटात रेंज जाते म्हणून रात्री पिक्चर उतरवून घेतात. एक पिक्चर एक-दीड जीबीचा, पण बघून झाला की उडवतात. त्यांना १२८ पुरतो. ६४ चा नवीन फोन आजच्या तारखेला मी कुणालाच सुचवत नाही, आजीबाईंनाही नाही. आजीबाईंच्या फोनात नातवंडांचे व्हिडिओ सगळ्यात जास्त येतात.

आठ-एकशे अठ्ठावीस

आमच्या धंद्यात फोनला "सहा-एकशे अठ्ठावीस", "आठ-दोनशे छप्पन्न" असं म्हणतात. पहिला आकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. गिऱ्हाईक दोन्हीला मेमरीच म्हणतं आणि गोंधळ तिथंच होतो. फोन अडकतो म्हणून स्टोरेज जास्त घेतात, किंवा फोटो मावत नाहीत म्हणून रॅम जास्त घेतात. रॅम म्हणजे एका वेळी किती कामं समोर मांडून ठेवता येतील ते. स्टोरेज म्हणजे कपाट.

आणि एक गंमत. पोस्टरवर ठळक लिहिलेलं असतं "१६ जीबी रॅम", खाली मुंगीएवढ्या अक्षरात "८+८". त्यातली दुसरी आठ ही रॅम नव्हे. फोन तुमच्या स्टोरेजमधली आठ जीबी कापून रॅमसारखी वापरतो. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे फायदा थोडाच, आणि जागा मात्र खरीच जाते. सॅमसंगमध्ये याला ‘रॅम प्लस’ म्हणतात, इतरांत ‘एक्स्टेंडेड’ किंवा ‘व्हर्च्युअल’ रॅम. मूळ रॅम आठ असेल तर मी ती सरळ बंद करून देतो.

कधी कधी जास्त जीबीचं मॉडेल नुसतं मोठं नसतं, वेगवानही असतं. सॅमसंगच्या एस२३ मध्ये १२८ च्या फोनात यूएफएस ३.१ जातीची चिप होती आणि २५६ मध्ये तिच्याहून वेगवान ४.०. दोन्ही फोन बाहेरून सारखेच. स्वस्तातल्या फोनांत ‘ईएमएमसी’ (ही जुनी, संथ जातीची चिप) लिहिलं असेल तर दोन-चारशे जास्त घालून यूएफएसवाला मिळतो का बघा. माझ्या मते रोजच्या वापरात हा फरक रॅमच्या दोन जीबीपेक्षा जास्त जाणवतो.

"मेमरी कार्ड टाकू की!" हे पुढचं वाक्य. टाका, पण आधी खाच आहे का बघा. आयफोनला कधीच नव्हती, सॅमसंगच्या एस मालिकेतून २०२१ साली गेली. आणि असली तरी बऱ्याच फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हीपैकी एकच बसतं. कार्डावर फोटो, गाणी, पिक्चर ठेवा, ॲप्स तिकडे नीट जात नाहीत आणि व्हॉट्सॲप तर आपला पसारा फोनमध्येच मांडतं. बारशाचे, लग्नाचे फोटो फक्त कार्डावर कधीच ठेवू नका. कार्ड आजारी पडत नाही, ते एकदम जातं. आठवडी बाजारात तीनशे रुपयांना घेतलेलं "५१२ जीबी"चं कार्ड घेऊन एक शेतकरी दादा आले होते. पहिले काही दिवस चाललं, मग फोटोंच्या जागी करड्या चौकटी. तपासलं तर खरी जागा १६ जीबी. आकडा नुसता खोटा लिहून ठेवलेला, सोळा भरल्यावर पुढचं हवेत. कार्ड घेतलंत तर पहिल्याच दिवशी ते मोठमोठ्या व्हिडिओंनी काठोकाठ भरा आणि शेवटचा व्हिडिओ चालतो का बघा. चालला तर खरं.

राहिलं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी फुकट, त्यातच जीमेल आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही. ॲपलकडे फुकट फक्त पाच. पैसे भरून जास्त जागा मिळते, पण ते भाडं आहे, महिन्याच्या महिन्याला. १२८ आणि २५६ मधला फरक दोन-अडीच हजार असेल तर मी फोनमध्येच जागा घ्या म्हणतो. आयफोनमध्ये तो फरक दहा-दहा हजारांचा असायचा, तिथं १२८ घेऊन क्लाउडचं भाडं भरणं कित्येकांना परवडलंय. २०२५ चा आयफोन १७ तर सुरूच २५६ पासून होतो, त्यामुळे तिथं प्रश्नच मिटला. पण जुना आयफोन हौसेनं घेणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो: आयफोन ११ आणि १२ ची ६४ जीबीची मॉडेलं स्वस्त दिसतात म्हणून उचलू नका. त्याला कार्डही नाही. क्लाउडचा आणखी एक फायदा आहे, फोन हरवला, फुटला तरी फोटो राहतात. तेवढ्यासाठी थोडीफार जागा भाड्यानं घेतलेली बरी, फोन कितीही जीबीचा असो.

फोन घेतल्यावर काउंटरवरून हलायच्या आधी दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये जाऊन रॅम आणि स्टोरेज बिलावरच्या आकड्याशी जुळवून घ्या. खोकं बदलायची चूक गर्दीच्या दिवशी कुणाच्याही हातून होते, माझ्याही झालीय, दसऱ्याला. दुसरं, व्हॉट्सॲप अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर नेत असाल तर ड्राइव्हच्या बॅकअपची वाट बघत बसू नका. चॅटच्या सेटिंगमध्ये चॅट ट्रान्सफरचा पर्याय आहे, दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर स्कॅन केला की माल थेट सरकतो.

आणि जुना फोन त्याच दिवशी एक्स्चेंजला टाकायची घाई नको. आठ दिवस कपाटात ठेवा. नव्या फोनात सगळ्यात जुना फोटो उघडून बघा, एखादा जुना आवाजी मेसेज वाजवून बघा. सगळं आलंय याची खात्री झाली की जुन्यातलं गुगल खातं काढा आणि मगच रिसेट मारा. खातं न काढता विकलात, तर लॉक उघडायला तो घेणारा दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या दारात, आणि तुम्ही माझ्या.